जाऊबाईंच्या नावे

"त्या वह्या आधी फायलीतून काढा, अक्का. मग बाकीचं बोलू."

"काढणार नाही असं म्हटलं का मी?"

"म्हणजे काढताय?"

"तसंही म्हटलं नाही."

मंजुश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. शनिवारची सकाळची शाळा सुटून ती नुकतीच आली होती आणि पर्स अजून खांद्यावरच होती. हातात फायलीतला वरचा कागद होता. तो कागद सत्यशीलानं स्वतः आखून, समास सोडून लिहिलेला होता. अर्जासोबत जोडलेल्या कागदपत्रांची यादी. मंजुश्रीनं त्यातली सातवी ओळ मोठ्यानं वाचली, "स्वाध्याय पुस्तिका, एकूण चोवीस. जाऊबाईंच्या नावे, लेखन अर्जदाराचे." मग तिनं कागद खाली केला. "हे तुम्ही कॉलेजात नेऊन देणार? माझं नाव, माझा नोंदणी क्रमांक, आणि खाली लेखन तुमचं?"

सत्यशीलानं तव्यावरच्या भाकरीला पाणी लावलं. "अक्षर माझंच हाय. कुणीबी जुळवून बघू दे."

"तेच तर म्हणतेय मी. परीक्षेला कोण बसलं होतं? तुम्ही का मी?"

"तू."

"तीन वर्षांचे पेपर कुणी लिहिले?"

"तूच लिहिलेस, मंजू. मी कुठं न्हाई म्हणले? स्वाध्याय मी लिहिले, एवढंच लिहिलंय तिथं."

बाहेरच्या खोलीत दोघे भाऊ जेवायला बसले होते. धाकटा महांतेश, मंजुश्रीचा नवरा, ताटावरूनच म्हणाला, "वैनी, ह्या एका कागदानं हिची मुख्याध्यापकी जाईल. तुमच्या ध्यानात येईना."

"अगं काढ की," राजशेखर म्हणाला. सत्यशीलाच्या नवऱ्याला कुठलंही भांडण जेवण संपायच्या आत मिटलेलं लागे. "काय नडलंय त्या जुन्या वह्यांवाचून?"

काय नडलं होतं ते या घरात महिनाभर सगळ्यांना सांगून झालं होतं. तरी तिनं पुन्हा सांगितलं, भाकरी उलटता उलटता. लोह्याहून रोज जाऊन-येऊन नांदेडच्या मुलींच्या वसतिगृहात ती बारा वर्षं सहाय्यक अधीक्षिका होती. संस्थेची नवी कमिटी आली आणि त्यांनी ठरवलं, पुढच्या जूनपर्यंत पदवी दाखवा, नाहीतर जागा सोडा. सत्यशीलाकडं पदवी नव्हती. लग्नाआधी लातूरला बी.ए.ची दोन वर्षं झाली होती, तीही शेवटचा एक पेपर सोडून. नांदेडच्या एका कॉलेजात आता जुन्या शिक्षणाचे गुण धरतात आणि कामातून आलेल्या ज्ञानाचेही धरतात, हे तिच्या मुलीनं, शिवानीनं, हैदराबादहून फोनवर शोधून काढलं होतं. फॉर्मवर त्याला श्रेयांक म्हटलं होतं, कॉलेजात सगळे क्रेडिट म्हणत. ऐंशी भरले की थेट तिसरं वर्ष. मग एका वर्षात पदवी, आणि जूनला जागा शाबूत. ऐंशी भरले नाहीत की दुसरं वर्ष, आणि मग जागा गेलीच.

"लातूरचे साठ होतील," ती म्हणाली. "वसतिगृहाच्या कामाचे आठ देतो म्हणले. राहिले बारा. त्याला लिहिलेलं काहीतरी दाखवा म्हणले. माझ्याजवळ लिहिलेलं दुसरं हाय काय?"

तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मंजुश्री सोळा वर्षांपूर्वी या घरात आली ती डी.एड. होऊन, जिल्हा परिषदेची नोकरी घेऊन. चार वर्षांनी, बढतीला पदवी लागणार म्हणून तिनं बाहेरून बी.ए.ला नाव घातलं. पहिल्याच वर्षी दिवस राहिले, डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं, आणि स्वाध्यायांची मुदत आली. तेव्हा सासूबाई, बसम्मा, म्हणाल्या होत्या, "सत्ये, तुझं अक्षर बरं हाय. लिहून टाक तिचं." सत्यशीलानं लिहून टाकलं. बाळंतपण झालं, तरी लिहिणं थांबलं नाही. मग दुसरं बाळंतपण. चोवीस वह्या झाल्या. समाजशास्त्र, मानसशास्त्र, इतिहास. पुस्तकातलं नुसतं उतरवून काढायचं तिच्या जिवावर येई. ती आधी धडा वाचायची, दोन दिवस मनात घोळवायची आणि मग लिहायची. परीक्षा जवळ आली की संध्याकाळी मंजुश्री पलंगावर बाळाला घेऊन बसे, आणि सत्यशीला भाजी निवडता निवडता तिला सांगे. कुटुंबाचे प्रकार किती, स्मरण म्हणजे काय, विस्मरणाची कारणं कोणती. मंजुश्री हुशार होती. एकदा ऐकलं की तिला राही. पेपर तिनं स्वतः लिहिले आणि चांगले लिहिले. वह्या तपासून परत आल्या त्यांवर लाल शाईत शेरे होते. 'उदाहरणे स्वतःची, उत्तम.' त्या उदाहरणांत बसम्मा होत्या, शेजारची धोंडाबाई होती, वसतिगृहातल्या मुली होत्या. मंजुश्रीच्या आयुष्यातलं त्यात काही नव्हतं.

या वह्या सत्यशीलानं जपून ठेवल्या होत्या. कशासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"कॉलेजातले वीरेश सर म्हणले," सत्यशीला थोड्या वेळानं म्हणाली, "वह्या नसल्या तरी एक पत्र चालतं. आपण कुणाला शिकवलं असंल, तर त्या माणसानं लिहून द्यायचं. पदावरचा माणूस असला तर चांगलंच."

"मग झालं की," राजशेखरनं पाण्याचा तांब्या उचलला. "घरातच मुख्याध्यापक हाय. शिक्क्याचं पत्र घे, वह्या काढ, आणि मिटवा हे."

मंजुश्रीनं कागदाची घडी केली. तिच्या कपाळावर घाम होता, उन्हाचा की कशाचा कळत नव्हतं. "काय लिहायचं पत्रात?"

"जे झालं ते. तू अभ्यास करत होतीस तेव्हा मी तुला समाजशास्त्र अन् मानसशास्त्र घरी समजावून सांगितलं. तीन वर्षं. बस. वह्यांचं नावबी काढू नको."

"लिहिते," मंजुश्री म्हणाली.

सत्यशीलानं हात धुतले, फायलीतून वह्यांचा गठ्ठा काढला आणि यादीतली सातवी ओळ खोडून त्या जागी लिहिलं, 'मुख्याध्यापिकेचे पत्र.' गठ्ठा बाहेरच्या कपाटात खालच्या फळीवर ठेवला.

बसम्मा देवापाशी विभूती लावून बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "आता गप जेवा सगळी."

*

मंगळवारी तिनं वसतिगृहातून सुटी घेतली आणि लोह्याहून लातूरची गाडी पकडली. अहमदपूरला गाडी अर्धा तास उभी राहिली. ड्रायव्हर चहाला गेला होता. तिनं डब्यातला धपाटा खाल्ला आणि खिडकीला डोकं टेकलं. चोवीस वर्षांपूर्वी याच रस्त्यानं ती उलट दिशेनं आली होती, नवरी म्हणून.

कॉलेज तेच होतं, फक्त रंग बदलला होता आणि समोर क्लासेसचे बोर्ड दाटीनं आले होते. ऑफिसातले कारकून ईश्वरप्पा या वर्षी निवृत्त होणार होते. त्यांनी नाव विचारलं, माहेरचं, आणि कपाटावरून एक जाड रजिस्टर उतरवून झटकलं. पानं उलटायला त्यांना बराच वेळ लागला.

"पहिलं वर्ष पास. चाळीस धरतील. दुसऱ्या वर्षाला सहातले पाच पेपर, वर्ष अपुरं म्हणून त्याचे वीसच. सहावा गैरहजर." त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "अर्थशास्त्र. आजारी होता काय?"

"हळद लागली होती."

हळद लागलेल्या नवरीनं घराचा उंबरा ओलांडायचा नसतो. पेपर सकाळी अकराला होता आणि हळद आदल्या संध्याकाळी लागली होती. एक दिवस पुढं ढकलू म्हटलं असतं, तर पाहुणे निलंग्याहून निघाले होते. वडील म्हणाले होते, ऑक्टोबरला देता येईल. ऑक्टोबरात ती लोह्याला होती आणि सासऱ्यांना अर्धांगवायू झाला होता.

ईश्वरप्पांना नवल वाटलं नाही. "लई हाईत अशा," ते म्हणाले. "एप्रिलचं पान काढा कुठलंबी. गैरहजर बघा, सगळी पोरींचीच नावं. पोरं नापास हाईत, पण हजर हाईत." त्यांनी दाखला लिहिला, सही केली, शिक्का दोनदा मारला कारण पहिल्यांदा नीट उमटला नाही. "आता शिकून काय करणार, ताई?"

"नोकरी टिकवायची हाय."

"मग ठीक हाय," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत तिला बसायला जागा मिळाली नाही. चाकूरपर्यंत ती उभी होती. दाखला पिशवीत चुरगळू नये म्हणून तिनं तो ब्लाउजमध्ये सरकवला आणि पुढचे दोन तास तो पोटाला टोचत राहिला. साठ झाले, ती मनाशी म्हणत होती. साठ अन् आठ अडुसष्ट.

*

गुरुवारी सकाळी मंजुश्रीचं पत्र मिळालं. बंद पाकीट, वर शाळेचा गोल शिक्का. "ऑफिसचं पत्र आहे, बंदच द्यावं लागतं," मंजुश्री डबे भरताना म्हणाली. खरं तर डबे सत्यशीलानं भरले होते, मंजुश्री फक्त झाकणं लावत होती. ती वर न पाहता बोलली. सत्यशीलाला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. तिला नऊची गाडी गाठायची होती.

कॉलेजात कमिटी म्हणजे टेबलामागं तीन माणसं. बोलणारे वीरेश सर होते, पस्तिशीचे असतील, बाकीचे दोघे सह्या करण्यापुरते. आधी त्यांनी प्रश्न विचारले. निकालाच्या दिवशी मुलगी जेवत नसेल तर तुम्ही काय करता आणि का? सत्यशीलानं सांगितलं. एकटं सोडत नाही, पण बोलायलाही लावत नाही, कामाला लावते. मटकी निवडायला देते. हात चालले की श्वास जागेवर येतो, मग पोरगी आपणहून बोलते. तेव्हा घरी फोन करते, त्याच्याआधी नाही, कारण बापाचा आवाज ऐकला की पोरगी पुन्हा बंद होते. वीरेश सरांनी विचारलं, याला पुस्तकात काय म्हणतात? तिनं तेही सांगितलं. त्यांनी शेजारच्या सरांकडं पाहिलं. मग समाजशास्त्राचे चार-पाच प्रश्न झाले. एका ठिकाणी ती अडली, बाकीचं तिला येत होतं.

"उत्तरं बरोबर आहेत, ताई," वीरेश सर म्हणाले. "पण कागद लागतो. तोंडी परीक्षेवर बारा देता येत नाहीत. पत्र आणलंय ना?"

तिनं पाकीट दिलं. त्यांनी कात्रीनं कड कापली, वाचलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"यात..." ते थांबले. "तुम्ही वाचलंय का हे?"

"बंद होतं."

त्यांनी कागद तिच्याकडं फिरवला. मंजुश्रीचं अक्षर नव्हतं, टाइप केलेलं होतं. 'श्रीमती सत्यशीला या माझ्या थोरल्या जाऊबाई असून मी त्यांना सोळा वर्षांपासून ओळखते. त्या अत्यंत मनमिळाऊ, सुगरण व कुटुंबवत्सल असून त्यांना वाचनाची आवड आहे. माझ्या शिक्षणाच्या काळात त्यांनी माझ्या मुलांचा मायेने सांभाळ केला. त्यांच्या पुढील वाटचालीस माझ्या शुभेच्छा.' खाली सही, हुद्दा, शिक्का.

सत्यशीलानं ते दोनदा वाचलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

"यावर काही देता येत नाही," वीरेश सर म्हणाले. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. "दुसरं काही असेल तर सोमवारपर्यंत आणा. नाहीतर अडुसष्टावर दुसऱ्या वर्षाला प्रवेश होईल. तुमची जुनी पाच विषयांची सूट धरून दुसरं वर्ष हलकं जाईल, पण वर्षं दोनच लागतील."

"दुसरं हाय," ती म्हणाली. "घरी हाय. आणते."

गाडीत तिनं ठरवलं होतं. वह्या न्यायच्या. नाव झाकायचं, वरचं पान फाडायचं, पण न्यायच्या. मंजुश्रीनं आपला शब्द पाळला नाही, मग आपणही पाळू नये. एवढं साधं होतं ते. राग नव्हता. राग यायला अंगात जोर लागतो, आणि तिला सकाळपासून चहा सोडून काही मिळालं नव्हतं.

घरी आली तेव्हा मागच्या न्हाणीत बंब पेटला होता. महांतेश संध्याकाळी दुकानातून आला की त्याला गरम पाणी लागे. तिनं चप्पल काढली आणि सरळ कपाट उघडलं. खालच्या फळीवर इस्त्रीचे कपडे होते.

"आत्याबाई, हितल्या वह्या?"

बसम्मा अंगणात वाती वळत होत्या. "त्या व्हय? मंगळवारीच घातल्या बंबात. तू लातूरला गेलतीस." त्यांनी वात दोन बोटांत पिळली. "मंजू म्हणली आता लागत न्हाईत. जुना कागद चांगला पेटतो. तीन दिवस पाणी तापलं."

म्हणजे मंगळवारपासून. बुधवारी सकाळी तिनंही त्याच पाण्यानं अंघोळ केली होती.

सत्यशीला तिथंच पायरीवर बसली. बसम्मांना वाटलं थकली. त्यांनी शिवानीच्या लग्नाचं कुठलंसं स्थळ काढलं, उदगीरचं, मुलगा बँकेत. ती ऐकत राहिली. मग उठली, कणीक मळली.

मंजुश्री शाळेतून आली, हातपाय धुऊन स्वयंपाकघरात आली आणि नेहमीसारखी ओट्यापाशी उभी राहिली.

"झालं का काम?" मंजुश्रीनंच विचारलं.

"पत्र वाचून दाखवलं त्यांनी."

मंजुश्री नळ सोडून पेले विसळायला लागली. धुतलेलेच पेले होते. "मी तीन वेळा लिहिलं, अक्का. तुम्ही म्हणालात तसं. मग वाटलं, उद्या हे पत्र कुणाच्या हातात पडलं... मुख्याध्यापिकेला तिच्या जावेनं शिकवलं. शाळेत आधीच दोघं टपलेत माझ्या जागेवर. त्यांतला एक म्हणेल, मग स्वाध्याय कुणी लिहिले ते पण सांगा. तिथून किती लांब आहे?"

"लांब न्हाई," सत्यशीला म्हणाली.

"तुम्हाला राग आलाय."

"मला आधी सांगायचं होतंस. बंद पाकीट द्यायचं नव्हतं. तिथं त्या तिघांपुढं वाचलं मी ते. सुगरण हाय म्हणून."

"खोटं काही लिहिलं नाही मी."

"तेच म्हणले मी बी. अन् वह्या?"

मंजुश्रीनं नळ बंद केला. ती काय म्हणते हे ऐकायला सत्यशीला थांबली होती. मंजुश्री म्हणाली, "घरात ठेवून तरी काय करणार होतो?" आणि पेले पालथे घालून बाहेर गेली.

सत्यशीलाला एक गोष्ट स्पष्ट दिसली. मंजुश्री वाईट नव्हती, ती घाबरली होती. आणि या घरात जे घाबरतं त्याचं आधी बघायचं असा रिवाज होता. सासरे घाबरले तेव्हा त्यांचं बघितलं. मंजुश्रीच्या बाळंतपणात मंजुश्रीचं. दुकान बसत होतं तेव्हा राजशेखरचं. ती स्वतः कधी कुणाला घाबरलेली दिसलीच नाही, म्हणून तिचं कुणी बघितलं नाही. त्यात कुणाची लबाडी नव्हती.

*

शुक्रवारी ती वसतिगृहात अधीक्षिका कावेरीबाईंसमोर बसली. कावेरीबाई विधवा होत्या, साठीकडं झुकलेल्या. कमिटीला त्या आतून कंटाळल्या होत्या, पण निवृत्तीपर्यंत ते दाखवायचं नाही एवढं त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

"जूनला तुमची जागा मी वाचवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "कमिटी माझं ऐकत नाही. पण निवासी पर्यवेक्षिकेची जागा आत्ता रिकामी आहे, जूनपर्यंत राहणार नाही. तिला पदवीची अट नाही, कारण ती कुणाला नकोच असते. चोवीस तास इथंच राहायचं, पहाटे मुलींना उठवायचं, रात्री हजेरी घ्यायची. दिवसा दहा ते चार मोकळं. शनिवार-रविवार मी सांभाळीन. पगार कमी आहे."

"खोली?"

"जिन्याखालची. खिडकी आहे, पण सायकलींकडं उघडते."

"पदवी झाल्यावर जुनी जागा?"

"बघू," कावेरीबाई म्हणाल्या. "खोटं आश्वासन नाही देत. बघू, एवढंच म्हणते."

सत्यशीला खोली बघून आली. खाटेची एक पट्टी तुटली होती. खिडकीतून सायकलींची चाकं दिसत होती. ती खाटेवर दोन मिनिटं बसली. कुणी हाक मारली नाही. मग उठून कॉलेजात गेली आणि दुसऱ्या वर्षाच्या फॉर्मवर सही केली. वीरेश सरांनी विचारलं, "राहिलेलं काही आणणार होता ना?"

"न्हाई राहिलं," ती म्हणाली.

संध्याकाळी लोह्याला सगळे जेवायला बसले होते. मंजुश्रीची मुलं लवकर जेवून टीव्हीपाशी गेली होती. राजशेखर दुकानात आलेल्या पाईपच्या गाडीबद्दल काही सांगत होता, महांतेश त्याला दुरुस्त करत होता. बसम्मांना वरण जास्त घट्ट वाटलं. मंजुश्री कालपासून बोलताना थोडी जास्तच गोड बोलत होती. "अक्का, बसा की तुम्ही पण, मी वाढते," ती म्हणाली.

सत्यशीला बसली. पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर बसली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तिनं भाकरी मोडली, चटणीत तेल घेतलं.

"सोमवारपासून मी नांदेडला राहणार," ती म्हणाली.

राजशेखरनं घास तोंडापाशी धरला. "नांदेडला कुठं?"

"वसतिगृहातच. नोकरी बदलली. दिवसा कॉलेज."

"अगं पण हे..." तो आईकडं बघायला लागला. "विचारलंस कुणाला?"

"न्हाई."

"हितलं कोण बघायचं?" बसम्मा म्हणाल्या. "पोरांचे डबे, माझी अंघोळ, सकाळचं सगळं?"

मंजुश्री हातातली पळी तशीच धरून उभी होती.

"दोन वर्षं," सत्यशीला म्हणाली. "शनिवारी संध्याकाळी येईन, रविवारी दुपारच्या गाडीनं जाईन. सही करून आले. मधल्या दिवसांचं तुमचं तुम्ही ठरवा."